नाव एकाचं, घडण दुसऱ्याची

गेल्या दिवाळीत सदरच्या बाजारातून सासूबाईंसाठी छोटासा ब्लूटूथ स्पीकर आणला. पहाटेच्या अभंगांची सोय झाली म्हणून त्या खूष होत्या. पण संक्रांतीपर्यंत तो मुका झाला! खोकं पाहते तो काय, ठळक नाव एका कंपनीचं आणि ‘निर्माता’ म्हणून बारीक अक्षरांत भलतीच कंपनी. दुकानदार म्हणाला, “ताई, आता कोणाकोणाला धराल?”

मग मी चौकशी केली. हल्ली हा धंदा असाच चालतो. एक जण नाव, जाहिरात नि विक्री सांभाळतो, दुसरा कारखाना. मुंबईच्या ‘बोट’चंच उदाहरण घ्या. तिने २०२२ साली नोएडाच्या डिक्सनबरोबर अशा वस्तू देशातच बनवण्यासाठी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला. यात गैर काहीच नाही. चकल्या ओळखीच्या बाई तळतात आणि पाकिटावर नाव दुकानाचं असतं, तसंच हे!

मात्र चकली खवट निघाली तर आपण दुकानालाच विचारतो ना? कायदाही तेच म्हणतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपलं नाव लावणाराही निर्माताच ठरतो.

तेव्हा मैत्रिणींनो, बिल, वॉरंटी कार्ड आणि खोकं वर्षभर जपून ठेवा. खोक्यावर तक्रारीसाठी दिलेल्या पत्त्यावर लेखी कळवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

मी बिलाची प्रत जोडून नाववाल्या कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. तीन आठवड्यांनी नवा स्पीकर घरी आला. आता पहाटे पुन्हा अभंग ऐकू येतात, आणि बिल मात्र सासूबाईंनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवलंय!