ऑईलच्या डब्यावरचा ‘डब्ल्यू’ बघा, मगच पैसे मोजा. थंड मुलखात जाणाऱ्या गाडीला सिंथेटिक ऑईल लागतंच का?

लासलगाव परिसरातून कांद्याचे ट्रक उत्तरेकडे जातात, काही थेट जम्मू-काश्मीरपर्यंत. आपली पोरंही बुलेटवर लेह गाठतात. निघण्याआधी बऱ्याचदा एकच सल्ला मिळतो, ‘थंडीत चाललाय ना, मग फुल सिंथेटिक टाका!’ डब्याची किंमत मात्र साध्या ऑईलच्या दुप्पट. मग हा खर्च खरंच गरजेचा आहे का?

डब्ल्यू म्हणजे काय?

डब्यावर १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, म्हणजेच हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जेवढा लहान, तेवढं ऑईल थंडीत पातळ राहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. ऑईल थिजलं की सेल्फ मारूनही इंजिन फिरत नाही. चालू झालं तरी ऑईल वरपर्यंत पोचेपर्यंत पार्ट कोरडे घासतात.

सोपा हिशोब

३५ मधून डब्ल्यूच्या आधीचा आकडा वजा करा. जे उरेल, साधारण तेवढ्या मायनस अंशांपर्यंत ऑईल इंजिन फिरू देतं:

- २०डब्ल्यू : मायनस १५
- १५डब्ल्यू : मायनस २०
- १०डब्ल्यू : मायनस २५
- ५डब्ल्यू : मायनस ३०
- ०डब्ल्यू : मायनस ३५

आता रस्ता बघा. निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांखाली जातो, पण तिथे १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू ऑईलला काहीच अडचण नाही. श्रीनगरला २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांच्या कडाक्यात रात्री पारा मायनस ५ च्या आसपास असतो. तिथेही १५डब्ल्यू-४० चालून जातं. खरी परीक्षा लेह-द्रासला. द्रासमध्ये हिवाळ्यात मायनस २० च्याही खाली जातं. तिथे ५डब्ल्यूच हवं, आणि ते बहुतेक सिंथेटिकच मिळतं. इथे जादा पैसे वसूल होतात. उन्हाळ्यात लेहला जाणाऱ्या बाईकला मात्र कंपनीने सांगितलेला ग्रेड पुरेसा आहे.

महाग की स्वस्त?

भाव लिटरवर नाही, किलोमीटरवर काढा. समजा गाडीला ४ लिटर ऑईल लागतं. साधं ४०० रुपये लिटर, म्हणजे १,६०० रुपये. ५ हजार किलोमीटरला बदललं तर किलोमीटरला ३२ पैसे. सिंथेटिक ८०० रुपये लिटर, म्हणजे ३,२०० रुपये. १० हजारला बदललं तर तेही ३२ पैसेच! पण मॅन्युअलमध्ये १० हजारची मुभा नसेल आणि ५ हजारलाच बदलावं लागलं, तर ६४ पैसे पडतात. जादा भार घेऊन घाट चढणाऱ्या टर्बो इंजिनला सिंथेटिक उष्णतेतही जास्त टिकतं, हा फायदा वेगळा.

हे विसरू नका

- बाईकमध्ये कारचं ऑईल टाकू नका, क्लच स्लिप होऊ शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघा.
- बीएस-६ डिझेल गाडीला मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच ऑईल घाला. चुकीच्या ऑईलने धुराचा फिल्टर लवकर चोंदतो.
- ‘गाडी जुनी आहे, घट्ट ऑईल टाका’ हा सल्ला बर्फाळ भागात उलटा पडतो.
- थंडीत साधं डिझेलही गोठतं, त्यावर ऑईलचा इलाज नाही. त्यासाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये लडाखसाठी मायनस ३३ अंशांपर्यंत न गोठणारं विंटर डिझेल आणलं. तिकडे गेल्यावर तेच भरा.
- चेंबरखाली जाळ करून इंजिन तापवू नका. गळलेल्या डिझेलने किंवा ऑईलने गाडी पेट घेऊ शकते.

थोडक्यात, आधी रस्त्यावरची सगळ्यात थंड रात्र किती अंशांची ते बघा, मग मॅन्युअल उघडा, दुकानात सगळ्यात शेवटी जा. त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा गाडीत जादा ठेवा. बर्फात हवा तो ग्रेड शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.