रात्री दोनचा बॅकअप जातो कुठे?

व्हॉट्सॲपवरचे संभाषण सिमकार्डात नसते आणि कंपनीच्या सर्व्हरवरही साठून राहत नाही. ते फोनमध्ये असते. निरोप समोरच्याला पोहोचला की सर्व्हरवरून निघून जातो. समोरचा फोन बंद असेल तर जास्तीत जास्त ३० दिवस तिथे थांबतो. त्यामुळे ‘सिम नव्या फोनात टाकलं की सगळं परत येतं’ हा मोबाइलच्या दुकानात हमखास ऐकू येणारा समज निम्माच खरा आहे. सिममुळे नंबर परत मिळतो आणि त्या नंबरासोबत ग्रुपमधली जागा. ग्रुपवरचे जुने निरोप, फोटो, व्हॉइस मेसेज मात्र बॅकअप असेल तरच येतात.

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी हा ऐवज निव्वळ गप्पांचा नसतो. सोयाबीन-कापसाच्या पट्टीचा फोटो, आडत्याशी बोललेला भाव, ऊसतोडीच्या मुकादमाने पाठवलेला उचलीचा हिशेब, सातबाऱ्याचा उतारा, पंचनाम्यासाठी काढलेले शेताचे फोटो, सगळे त्याच चॅटमध्ये पडलेले असते. यातला सातबारा गेला तर फारसे बिघडत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत पुन्हा निघतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पाण्यात उभ्या राहिलेल्या सोयाबीनचा फोटो पुन्हा काढता येत नाही. बॅकअप कशाचा हवा, हे या फरकावरून ठरते.

सगळ्यात मोठी फसगत ‘बॅकअप रोज होतो’ या समजुतीत आहे. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधील ‘चॅट्स’मध्ये जाऊन ‘चॅट बॅकअप’ उघडले की शेवटच्या बॅकअपची वेळ दोन वेगवेगळ्या ओळींत दिसते. एक ओळ ‘लोकल’ची, दुसरी गुगल खात्याची. लोकल बॅकअप रोज रात्री दोनच्या सुमारास आपोआप होतो, म्हणून पहिल्या ओळीत नेहमी ताजी वेळ असते आणि ती पाहून माणूस निर्धास्त होतो. पण ही प्रत त्याच फोनच्या पोटात असते. फोन बसमध्ये राहिला, चोरीला गेला किंवा विहिरीत पडला तर तीही त्याच्याबरोबर जाते. खरा आधार दुसऱ्या ओळीचा, आणि तिथे पुष्कळदा काही महिन्यांपूर्वीची तारीख असते, नाहीतर काहीच नसते.

तारीख जुनी राहण्याचे नेहमीचे कारण वाय-फाय. गुगल खात्यावरचा बॅकअप सहसा वाय-फायवरच होईल असे सेटिंग ठेवलेले असते. ज्या घरात वाय-फाय नाही आणि सगळे काम सिमच्या डेटावर चालते, तिथे हा बॅकअप वाट पाहत बसतो. बॅकअप ‘चालू’ असतो, फक्त होत नाही! मोबाइल डेटावरूनही बॅकअप होऊ द्यावा असा पर्याय त्याच पानावर आहे. पहिला बॅकअप मोठा असतो आणि दिवसाचा डेटा खाऊ शकतो. नंतरचे तुलनेने हलके जातात. व्हिडिओ धरायचे की नाही याचे बटण वेगळे आहे. ते बंद असेल तर लग्नाचे व्हिडिओ बॅकअपमध्ये गेलेलेच नसतात.

गुगलचे खाते कोणते, हा प्रश्नही किरकोळ वाटतो, पण जुने चॅट परत आणताना घोडे तिथेच अडते. फोन घेताना दुकानातच कुणीतरी खाते उघडून देतो, पासवर्ड कागदावर लिहिला जातो आणि कागद हरवतो. नव्या फोनवर चॅट परत आणायला तोच नंबर आणि तेच गुगल खाते, दोन्ही लागतात. नवा फोन, नवे खाते असे झाले की जुना बॅकअप सुरक्षित असूनही हाती लागत नाही.

‘क्लाउडला जागेची मर्यादा नसते’ हे आता जुने झाले. गुगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो यांत मिळून वाटली जाते. १ जून २०२१ पासून फोटो या जागेत मोजले जाऊ लागले. व्हॉट्सॲपचा बॅकअप २०१८ पासून काही वर्षे मोजला जात नव्हता. ती सवलतही २०२४ मध्ये संपली. जागा भरली की नवा बॅकअप थांबतो, नव्या मेलही येईनाशा होतात. आयफोनवर आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच आहे. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे पुसून टाकणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रत एकच असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. गुगल खात्यावर नवा बॅकअप गेला की तो आधीच्या बॅकअपची जागा घेतो. मागच्या महिन्याचा, त्याच्या आधीचा अशी रांग तिथे नसते. त्यातून एक जीवघेणी चूक घडते. नव्या फोनवर नंबराची पडताळणी झाली की जुने चॅट परत आणायचे का, असा प्रश्न येतो. घाईत ‘नंतर’ म्हणून तो टाळला जातो, मग त्याच खात्यावर बॅकअप सुरू होतो आणि जवळजवळ रिकामे चॅट जुन्या बॅकअपवर जाऊन बसते. प्रश्न चुकून टाळला गेला असेल तर बॅकअप होण्याआधी व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकावे. तो प्रश्न पुन्हा येतो.

निरोप कुलूपबंद असतात म्हणून बॅकअपही तसाच असतो, हा समज अर्धवट आहे. निरोपांना दोन्ही टोकांचे कूटबंधन (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन) २०१६ मध्ये सर्वांसाठी मिळाले. बॅकअपसाठी तशी सोय २०२१ मध्ये आली आणि ती वापरणाऱ्याला स्वतः चालू करावी लागते. त्यासाठी पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली ठेवता येते. फोनही गेला आणि पासवर्डही विसरला, तर हा बॅकअप कंपनीलाही उघडून देता येत नाही. पासवर्ड लिहून ठेवायचा तो घरातल्या वहीत. फोनच्या कव्हरमागे नव्हे.

फोटोंचा हिशेब वेगळा. ‘क्लाउडवर आहेत’ म्हणून गुगल फोटोमधून पुसलेले फोटो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातात. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात, मग कायमचे जातात. फोन हलका करायचा तर त्याच ॲपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरावा; तो फक्त फोनमधली प्रत काढतो. शिवाय व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर गुगल फोटोमध्ये वेगळा निवडावा लागतो.

अँड्रॉइड सोडून आयफोन घेणाऱ्याला गुगलवरचा बॅकअप तिथे उघडता येत नाही. चॅट दोन्ही फोन शेजारी ठेवून न्यावी लागतात, म्हणजे जुना फोन चालू स्थितीत हाताशी हवा. तो दुकानात अदलाबदलीत द्यायचा असेल किंवा घरातल्या दुसऱ्याला द्यायचा असेल, तरी नव्या फोनवर जुनी चॅट प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय तो रिसेट करू नये.