खोटा अर्थ खरा का वाटतो?

आधी एक प्रश्न. शब्द आहे ‘शिवळ’. खाली तीन अर्थ दिलेत, त्यातला एकच खरा. गूगल न करता एक निवडा.

(अ) दोन शेतांच्या शिवेवर मुद्दाम न नांगरता सोडलेली गवताची पट्टी.
(आ) गोधडी शिवताना आधी घालून घ्यायचा जाड दोऱ्याचा कच्चा टाका.
(इ) बैलाची मान बाजूला सरकू नये म्हणून जुवाच्या भोकात घालायची खुंटी.

ज्यांच्या घरी बैलजोडी आहे किंवा होती, त्यांनी कृपया उत्तर फोडू नका. बाकीच्यांनी आपलं उत्तर लक्षात ठेवून पुढे वाचा.

खेळ काय आहे?

आमच्या हॉस्टेलवर रविवारी हा खेळ चालतो. एकजण शब्दकोशातून कुणालाच माहीत नसलेला शब्द काढतो आणि त्याचा खरा अर्थ चिठ्ठीवर लिहितो. बाकीचे मनानेच अर्थ रचतात. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून वाचायच्या आणि खरा अर्थ कुठला ते सांगायचं. खरा ओळखला तर गुण, आणि आपल्या थापेला कुणी फसलं तरी गुण! इंग्रजीत याला ‘फिक्शनरी’ म्हणतात. १९८४ साली कॅनडात तो ‘बाल्डरडॅश’ नावाने डब्यात घालून विकायलाही आला. मराठीत डबा लागत नाही. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्व्यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

आता मुद्दा. शब्द माहीतच नसेल तर तीनही अर्थ आपल्याला सारखेच वाटायला हवेत. पण तसं होत नाही. एखादा अर्थ ‘बरोबर वाटतो’. का?

तीन आमिषं

पहिलं आमिष आवाजाचं. ‘शिवळ’ ऐकलं की डोक्यात शेजारचे शब्द जागे होतात: शीव, शिवण, शिवणे. अर्थ (अ) आणि (आ) मी मुद्दाम याच शेजाऱ्यांवरून रचलेत. बाहेरगावचे लोक ‘कोल्हापूर म्हणजे कोल्ह्यांचं गाव का?’ असं विचारतात, तेव्हा त्यांच्याही डोक्यात हेच चाललेलं असतं.

दुसरं आमिष तपशिलाचं. ‘एक प्रकारचा टाका’ यापेक्षा ‘गोधडीला आधी घालायचा, जाड दोऱ्याचा, कच्चा टाका’ जास्त खरा वाटतो. गणित मात्र उलट सांगतं. प्रत्येक नवी अट जोडली की विधान खरं असण्याची शक्यता कमी होते, वाढत नाही. ट्व्हर्स्की आणि काह्नेमन यांनी १९८३ साली दाखवलं की माणसं इथे हमखास चुकतात. तपशिलामुळे गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते, आणि जे डोळ्यांसमोर उभं राहतं ते आपण जास्त शक्य धरतो.

तिसरं आमिष साच्याचं. कोशाच्या भाषेत लिहिलेलं आपण तपासत नाही. १९३४ च्या वेबस्टर कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला, अर्थ दिला होता ‘घनता’. असा शब्द कधी नव्हताच. घनतेसाठी ‘डी’ हे अक्षर वापरतात, मोठं किंवा लहान, एवढंच सांगणारी एक चिठ्ठी होती: ‘डी ऑर डी’. ती चुकून एकच शब्द म्हणून वाचली गेली. १९३९ मध्ये एका संपादकाच्या हे लक्षात आलं, तरी तो शब्द छापील कोशातून जायला १९४७ उजाडलं.

साडी म्हणजे स्कॉटलंडचा घागरा?

खेळात थाप एकदाच ऐकू येते आणि लगेच उघडी पडते. मोबाईलवर तसं नाही. ‘या मराठी शब्दाचा मूळ अर्थ तुम्हाला माहीत आहे का?’ असा मेसेज सकाळी मामांकडून येतो, दुपारी शाळेच्या ग्रुपवर, रात्री सोसायटीच्या.

हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी १९७७ साली विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं दाखवली. पुन्हा पुन्हा आलेली विधानं, खरी असोत की खोटी, त्यांना जास्त खरी वाटू लागली. याला आपण ‘सत्याभास’ म्हणू. ओळखीचं झालेलं वाक्य मेंदूत सहज उतरतं, आणि ही सहजता आपल्याला खरेपणाची खूण वाटते.

तुम्ही म्हणाल, ज्याला खरं माहीत आहे तो कसा फसेल? लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांचं एक विधान असं होतं की स्कॉटिश लोक घालतात त्या चुण्यांच्या आखूड घागऱ्याला साडी म्हणतात! आपल्याला हसू येईल. पण पुन्हा वाचल्याने अशी विधानं थोडी जास्त खरी वाटण्याचा परिणाम योग्य उत्तर माहीत असलेल्यांमध्येही दिसला.

खेळून शहाणपण येतं का?

केंब्रिजच्या रोझेनबीक आणि व्हॅन डर लिंडेन यांनी ‘बॅड न्यूज’ नावाचा ऑनलाइन खेळ काढला. त्यात खेळणाऱ्यानेच खोट्या बातम्या रचायच्या. कल्पना लसीसारखी आहे: थोडी थाप स्वतः तयार केली की पुढे थापेची लक्षणं ओळखू येतात. २०१९ च्या त्यांच्या निबंधात सुमारे १५,००० खेळाडूंची माहिती होती, आणि खेळानंतर लोकांना खोट्या बातम्या कमी विश्वासार्ह वाटल्या.

पण २०२३ मध्ये मोदिरुस्ता-गॅलियन आणि हायम यांनी अशा खेळांची आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांना दिसलं की लोकांची खरं-खोटं वेगळं करण्याची क्षमता वाढली नव्हती. ते एकूणच सगळ्यावर जास्त संशय घेऊ लागले होते. हा फरक लहान नाही. सगळंच खोटं मानणारा माणूस सावध दिसतो खरा, पण खरी बातमीही त्याच्या हातून सुटते.

म्हणून मला शब्दांचा खेळ आवडतो. इथे प्रत्येक फेरीत एक चिठ्ठी खरी असतेच. ‘सगळं झूट’ म्हणून गुण मिळत नाहीत, खरी चिठ्ठी उचलावीच लागते. याने खरंच विवेक वाढतो का, हे प्रयोगानेच ठरेल. पण खेळाची रचना तरी योग्य दिशेची आहे.

आता उत्तर

‘शिवळ’चा खरा अर्थ (इ), जुवाची खुंटी. तो शब्दाच्या आवाजावरून ओळखता येत नाही. एक तर तुम्ही ती खुंटी पाहिलेली असते, नाहीतर कोश उघडलेला असतो.

आपण रोज वापरतो त्या शब्दांचंही असंच आहे. ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हे पेपरात कितीदा वाचलंय! थारोळं म्हणजे विहिरीच्या काठावर मोटेचं पाणी जिथे ओतलं जातं ती जागा. ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ म्हणतो. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. सांगलीजवळच्या हरिपुरात अशाच पेवांत हळद साठवत. मोट गेली, पेवं गेली, आणि शब्द वाक्प्रचारात अडकून राहिले. गुऱ्हाळं कमी होतायत तशी काहील, चुलवाण, गुळव्या यांची पाळी जवळ येतेय. ज्या शब्दाचा खरा अर्थ सांगणारं घरात कुणी उरत नाही, त्याला कुठलाही खोटा अर्थ सहज चिकटतो.

त्यामुळे हा खेळ घरी खेळाल तेव्हा आजी-आजोबांना नक्की घ्या. ते जिंकतील, आणि खरा अर्थ कुठल्या वस्तूशी जोडलेला होता तेही सांगतील. पहिल्या फेरीसाठी शब्द देतो: ‘बळद’. बैलाशी संबंध लावायची घाई करू नका. उत्तर दाते-कर्व्यांत आहे.