गोवळकोंड्याच्या टेकडीवरून

विद्यार्थी मित्रांनो, हैदराबाद पाहून आलेला कोणी ना कोणी तुमच्या नात्यात असेलच. त्याला विचारा, "काय काय पाहिलंत?" तो चारमिनार सांगेल, बांगड्यांचा लाड बाजार सांगेल आणि बिर्याणीचे वर्णन सुरू केले की थांबणारच नाही. पण हे शहर वसले ते एका टेकडीवरच्या राजधानीत गर्दी मावेना म्हणून. तेव्हा आपणही त्या टेकडीपासूनच सुरुवात करू.

ती टेकडी म्हणजे गोवळकोंडा. उर्दूत आपण त्याला गोलकुंडा म्हणतो. तेलुगू भाषेत 'गोल्ला' म्हणजे मेंढपाळ आणि 'कोंडा' म्हणजे टेकडी. मराठीतही 'गोवळ' म्हणजे गुराखी. म्हणजे मराठी नावात मूळ अर्थ अजून ओळखू येतो. उलट या पाठातले किल्ला, दरवाजा, बुरूज, इमारत हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे आधीच ठाऊक आहेत!

काकतीय राजांच्या काळी येथे मातीचा किल्ला होता. पुढे कुतुबशाही सुलतानांनी तो दगडात बांधून काढला. टेकडी सुमारे चारशे फूट उंच आहे. सकाळी लवकर चढायला लागा, नाहीतर ऊन आणि पायऱ्या मिळून दमवतील. चढण्यापूर्वी बाला हिसार दरवाजाजवळच्या घुमटाखाली उभे राहून एक टाळी वाजवा. ती टाळी थेट टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते. घुमटाच्या आतल्या पैलूंवर आपटून आवाज वर जातो. खाली कोणी आले, तर वरच्या पहाऱ्याला लगेच इशारा मिळावा, अशी ही सोय होती, असे सांगतात.

टाळीपेक्षा मला पाण्याची व्यवस्था मोठी वाटते. एवढ्या उंचीवर पाणी कसे न्यायचे? टेकडीवर एकावर एक अशा उंचीवर हौद बांधले. रहाटाने पाणी खालच्या हौदातून वरच्या हौदात चढवले आणि मातीच्या भाजलेल्या नळांतून ते महालांत आणि बागांत खेळवले. त्या नळांचे तुकडे भिंतींत आजही दिसतात. हे घडले ते यंत्राविना, माणसे आणि बैल यांच्या कष्टावर.

गोवळकोंड्याचे हिरे जगभर प्रसिद्ध आहेत. पण येथे खाण शोधू नका. खाणी दूर कृष्णेच्या काठी कोल्लूर वगैरे ठिकाणी होत्या. येथे हिऱ्यांचा बाजार भरे.

लोकसंख्या वाढली, पाणी अपुरे पडू लागले, म्हणून मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९१ मध्ये मुसी नदीपलीकडे नवे शहर वसवले. ते हिजरी सन १००० चे वर्ष होते. चारमिनार त्याच वेळचा. हा सुलतान दखनी भाषेतला मोठा कवी होता. जुन्या मराठी कागदांत या शहराला भागानगर म्हटले आहे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज येथे आले आणि अबुल हसन कुतुबशाहाला भेटले.

दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाच्या फौजेने गोवळकोंड्याला वेढा घातला. आठ महिने किल्ला पडला नाही. शेवटी तो तोफांनी पडला नाही, तर फितुरीने पडला. रात्री आतल्या माणसाने दरवाजा उघडला. अब्दुर रज्जाक लारी हा सरदार मात्र शेवटपर्यंत लढला. त्याच्या अंगावर सत्तरच्या आसपास जखमा होत्या, असे इतिहासकार खाफी खान लिहितो. ती निष्ठा पाहून खुद्द औरंगजेबाने त्याच्यावर उपचार करायला हकीम पाठवले.

किल्ल्याजवळच कुतुबशाही मकबरे आहेत. तेथे अबुल हसनची कबर शोधाल, तर सापडणार नाही. तो आपल्या महाराष्ट्रातल्या दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत वारला आणि खुलदाबादला दफन झाला. त्याच खुलदाबादेत औरंगजेबाचीही कबर आहे. जिंकणारा आणि हरणारा दोघेही एकाच गावात!

दुपारी ऊन चढले की सालारजंग संग्रहालयात जा. निजामाचे एके काळचे दिवाण मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या हजारो वस्तू येथे आहेत. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ते खुले झाले. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेली 'बुरख्यातील रिबेका' येथे आहे. रिबेका म्हणजे हजरत इसहाक यांची पत्नी. तिच्या चेहऱ्यावरचा पातळ पडदाही संगमरवराचाच आहे, हे डोळ्यांना पटत नाही. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितेही जरूर पाहा. तुम्हांला ती वाचता येतील, हा तुमचा फायदा आहे.

एका दालनात मोठे घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. बाराच्या आधी तेथे मोठी गर्दी होते, कारण तेव्हा बारा टोले ऐकायला मिळतात. थोडे आधीच जाऊन पुढची जागा धरा. आणि शुक्रवारी जाऊ नका; त्या दिवशी संग्रहालय बंद असते.