मुकी किल्ली

चोर माझ्या घरात शिरला नाही. मीच दार उघडून त्याला 'या, बसा' म्हटले. गोष्ट गेल्या श्रावणातली. घरबसल्या मागवलेला कुकर यायचा होता. तेवढ्यात फोन आला, "पत्ता अपुरा आहे. पाच रुपये भरा, म्हणजे पार्सल सुटेल." पाठोपाठ मोबाईलवर लिंक आली. तिथे मी कार्डाचा नंबर लिहिला, मग बँकेकडून आलेला ओटीपीही लिहिला. त्याच संदेशात रुपये १९,४०० असा आकडा स्वच्छ छापलेला होता. चष्मा मात्र टेबलावर होता!

बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवले. गुप्त आकडे ग्राहकानेच दुसऱ्याच्या हाती दिले, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे, पुढचे बँकेचे. मी फोन केला तोवर पुढचे असे काही उरलेच नव्हते.

पुतण्या म्हणाला, "काका, सुरक्षेची किल्ली घ्या." ही अंगठ्याएवढी वस्तू संगणकाला खोचायची. तिच्या पोटातले गुपित बाहेर येत नाही, आणि जिथे तिची नोंद केली त्याच संकेतस्थळाला ती जबाब देते. हुबेहूब नकली दुकान मांडून बसलेल्या भामट्यापुढे माणूस फसतो. ही बया ढिम्म हलत नाही. शिवाय कुणाला वाचून दाखवावा असा आकडाच तिच्यापाशी नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्याला याहून चांगली सोबत कोणती?

पण गंमत अशी, की माझी बँक ही किल्ली मागतच नाही! ऑनलाइन खरेदीत कार्डाबरोबर दुसरा पुरावा आपल्याकडे १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा झाला. माझ्या बँकेचा तो पुरावा म्हणजे ओटीपीच. कुलूपच नाही, तर किल्ली फिरवायची कुठे? तेव्हा नुसत्या खरेदीसाठी सामान्य माणसाने तिच्यावर पैसे घालावेत, असे मला वाटत नाही.

ई-मेलसाठी मात्र मी घातले. विसरलेला पासवर्ड बदलण्याची चिठ्ठी दुकाने तिथेच धाडतात; ती पेटी गेली की सगळेच गेले. एक हरवली तर पंचाईत, म्हणून किल्ल्या दोन घेतल्या. कार्डावर ऑनलाइन खरेदीची मर्यादा स्वतः घालण्याची सोय बँकांनी २०२० पासून दिली आहे, हे मला आत्ता कळले! ती दोन हजारांवर आणून ठेवली. तिला पैसाही पडला नाही.

कुकर दुसऱ्याच दिवशी आला. पत्ता अगदी पुरेसा होता.