जनावरांची रोगराई आणि आपली दुकानदारी

१९९४ साली सुरतेत प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून गेले आणि कापडाचा बाजार ठप्प झाला. रोग आणि धंदा यांचा संबंध आम्हा कापडवाल्यांना तेव्हा कळला. २०२२ साली लम्पीने तो पुन्हा दाखवला. राज्यात जनावरांचे बाजार बंद झाले. चाकणच्या बाजारात बैल विकून राजगुरुनगरात लग्नाचा बस्ता बांधणारा शेतकरी हात राखून खर्च करू लागला.

लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. ताप, अंगावर गाठी, दूध घटणे ही त्याची लक्षणे. तो माणसाला होत नाही. तरी दुधाबद्दल अफवा उठल्याच.

मात्र खाटीक, गवळी व चामड्याचे काम करणाऱ्या बंधूंनी दोन रोग ओळखावेत. सांसर्गिक गर्भपाताने जनावर गाभडते. पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलल्यास किंवा कच्चे दूध प्यायल्यास माणसाला वरचेवर ताप येतो, सांधे दुखतात. फाशी रोगात जनावर अचानक मरते, नाकातोंडातून काळसर रक्त येते. असे जनावर फाडू नये, कातडे काढू नये. डॉक्टरांना कळवून चुना टाकून खोल पुरावे.

लस वेळेवर टोचावी, गोठा कोरडा ठेवावा, दूध उकळूनच प्यावे. लम्पीत मेलेल्या दुभत्या गायीमागे सरकारने ३० हजार रुपयांपर्यंत मदत दिली होती. आजार लपवून जनावर विकणारा चार पैसे वाचवतो, पण सगळ्यांचा बाजार बंद पाडतो. इमानदारीतच बरकत आहे.