मळ कुठे, किती?
१:४८ प्रमाणातल्या विमानाच्या मॉडेलवर खऱ्या विमानावरची २ मिलिमीटरची फट जेमतेम ०.०४ मिलिमीटर उरते. त्यामुळे पत्र्याचा प्रत्येक सांधा काळ्या रंगाने ठसवणे प्रमाणाला धरून नाही. सांधे न रंगवता तसेच सोडले तर मॉडेल खेळण्यासारखे सपाट दिसते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचा उपाय खुद्द विमानाच्या अंगावरच सापडतो. अमेरिकी नौदलाची एफ-१४ टॉमकॅट (निवृत्ती २००६) पाहा. खाऱ्या हवेने गंज धरला की कर्मचारी तेवढीच जागा घासून ताजा राखाडी रंग लावत, आणि ही ठिगळे उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी क्वचितच जुळत. हायड्रॉलिक तेलाचे ओघळ वाऱ्याच्या झोताने मागे ओढले जात. म्हणून आधी राखाडीच्या असमान पातळ छटा द्याव्यात, मळ त्यानंतर, आणि तोही त्याच विमानाचे छायाचित्र समोर ठेवून.